उलटं चालणारे आबा

आबांना सरळ चालताना मी फार कमी वेळा पाहिलं. दोर वळणाऱ्याला उलटं चालावंच लागतं, ते सोडा. पण हा गृहस्थ हातात दोर नसतानाही उलटा चालायचा. निरोप घेऊन निघाले की तोंड आपल्याकडे आणि पावलं मात्र मागं मागं पडतायत. बारामतीच्या बाजारात बैल, भाजीच्या पाट्या आणि माणसं यांच्या गर्दीतून ते असे मागं सरकत जात, पण कुणाला साधा धक्का लागत नसे. नवखा माणूस हसायचा. जुने लोक नुसते बाजूला व्हायचे. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "मास्तर, फुडं बघून चालत हुतो, तवाच तर पडलो."

तीस सालानंतरच्या चारपाच वर्षांतली ही हकिगत. मी तेव्हा कन्हेरीच्या शाळेत मास्तर होतो. आबांचं नाव मला माहीत होतं, पण ते इथं लिहीत नाही, कारण कुणी नावाची विचारपूस केली की ते म्हणायचे, "नाव कशाला? दोर तुटला तर भांडाया येनार हाय का?" सगळा मुलूख त्यांना आबाच म्हणायचा.

त्यांच्या अंगात उन्हाळ्यातसुद्धा कालव्याच्या खात्याचा काळा कोट असे. त्या कोटाला पूर्वी पितळी बटणं होती. आता एकच उरलं होतं, आणि ते चिंचेनं घासून इतकं लख्ख ठेवलेलं असे की बाकीच्या जागी लावलेल्या बाभळीच्या काट्यांकडे लक्षच जाऊ नये. आबा पूर्वी कालव्यावर पाटकरी होते. ज्याची पाळी असेल त्याच्या रानात पाणी सोडायचं आणि वेळ झाली की दार बंद करायचं, हे त्यांचं काम. एका दुपारी दार उघडून ते पाटाच्या कडेला दारू पिऊन झोपले. जागे झाले तेव्हा एका विधवा बाईची कांद्याची सगळी रोपं वाहून गेली होती. नोकरी गेली. ही गोष्ट मला गावकऱ्यांनी सांगितली नाही. आबांनीच, ओळख झाल्यावर पहिल्या दहा मिनिटांत सांगितली. ते सगळ्यांनाच सांगत. "नोकरी गेली ती बराबर गेली," असं म्हणून ते बटणावरून अंगठा फिरवायचे.

नोकरीनंतर तीन वर्षं ते नुसते पीत होते. मग गावाबाहेरच्या वस्तीतल्या, दोर वळणाऱ्या एका म्हाताऱ्यानं त्यांना एक दिवस हाक मारली आणि फिरकी धरायला बसवलं. तो म्हाताराही एके काळी दारूत बुडालेला होता. आबांच्या भावकीनं त्या संगतीवरून त्यांना जेवणाच्या पंगतीतून उठवलं, पण आबा काही म्हाताऱ्याकडे जायचे थांबले नाहीत. "त्यानं मला दारू सोड असं येक डाव म्हटलं न्हाय," आबा सांगायचे. "फिरकी सोडू नगं, एवढंच म्हनायचा."

इथं फिरकीचं सांगायला हवं, कारण आबांची सगळी विद्या तीच होती. घायपाताचा वाख, म्हणजे पानातले धागे, कमरेला गुंडाळून आबा एकेक चिमूट सोडत मागं मागं जात. या टोकाला एक माणूस बसून लाकडी फिरकी फिरवत राही. तिच्यामुळं वाखाला पीळ बसे. फिरकी एकसारखी फिरली पाहिजे. मध्येच सोडून उठलात तर चाळीस पावलांचा पीळ भरभर उलगडतो आणि सगळी मेहनत मातीत जाते. म्हणून दोराला दोन माणसं लागतात. आबांचा दुसरा माणूस नेहमी कुणीतरी दारुडा असे.

कऱ्हा नदीच्या अलीकडे दारूचा गुत्ता होता. त्याच्या समोरच्या कडुलिंबाखाली आबा बसत. दिवस कलायला लागला, गुत्त्याकडं पावलं वळायला लागली, की आबा हाक मारायचे, "ओ पाव्हनं, जरा एवढी फिरकी धरता का? मानूस न्हाय दुसरा." नाही कसं म्हणणार? शेतकऱ्याला अशा कामाला नाही म्हणता येत नाही. एक दोर पुरा होईतो दिवेलागण व्हायची. मग आबा कोटाच्या खिशातून गुळाचा खडा काढून त्याच्या हातावर ठेवत. दारूची तलफ गुळानं थोडी दबते, हे त्यांचं स्वतःवर केलेलं संशोधन होतं. त्या कोटाच्या खिशाला कायम मुंग्या असत.

गुत्तेदार एकदा चिडून आला. म्हणाला, "आबा, माझी गिऱ्हाइकं फोडताय तुमी." आबा म्हणाले, "मी कुनाला पिऊ नगं म्हनलोय का? इचारा." गुत्तेदारानं तिथं बसलेल्या दोघांना विचारलं. दोघंही म्हणाले, न्हाय बा. गुत्तेदार परत फिरला. जाताना पिंपं बांधायला दोर मात्र घेऊन गेला.

मीही त्या कडुलिंबाखाली असाच बसलो. माझी बायको मुलीला घेऊन इंदापूरला माहेरी गेली होती, आणि तिचा भाऊ न्यायला आला तेव्हा तिनं मागं वळूनही पाहिलं नव्हतं. शाळेत पोरं माझ्या टेबलाजवळ यायला टाळत. शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांनी पुढच्या खेपेला बघू असं म्हटलं होतं, आणि त्यांचं ते बघणं मला चांगलं कळलं होतं. तरीही एका गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, मी गुत्त्याकडेच निघालो होतो. आबांनी हाक मारली. "मास्तर, फिरकी धरता का?" मी शुद्ध भाषेत म्हटलं, "मला सवय नाही." ते म्हणाले, "हाताला थरथर हाय न्हवं? चालतंय. फिरकीला तेवढीच लागती."

इतक्या सरळ शब्दांत माझ्या हाताची थरथर कुणी माझ्यासमोर बोललं नव्हतं. मला राग आला, पण त्यातली सुटकाही जाणवली. मी बसलो.

त्या कामाची एक खुबी मला हळूहळू कळली. आबा मागं मागं जात चाळीस पावलं लांब गेले की बोलणं होत नाही. माणूस आपला एकटा फिरकी फिरवत बसतो, आणि बसून बसून मनातलं पुटपुटायला लागतो. जे समोरासमोर सांगता येणार नाही ते तो लांबच्या आबांना सांगतो, कारण त्यांना ते ऐकू जाणार नाही याची त्याला खात्री असते. एक तगडा गाडीवान फिरकी फिरवत आपल्या मेलेल्या बायकोशी बोलताना मी पाहिला आहे. आबा जवळ आले की तो गप्प. आबाही विचारत नसत. फार तर, "पीळ चांगला बसलाय," एवढंच म्हणत.

दोन महिन्यांनी त्यांनी मला दुसऱ्या दारुड्यांना सांभाळायचं शिकवायला घेतलं. मी मास्तर, त्यामुळं शिकवणं म्हणजे काय हे मला माहीत आहे अशी माझी समजूत होती. आबांचं शिकवणं म्हणजे नव्या माणसाच्या घरी मला नेऊन बसवायचं आणि आपण वाख विंचरत राहायचं. मी बोलायला तोंड उघडलं की ते खाकरायचे. बाहेर आल्यावर म्हणायचे, "त्यो बोलत हुता, तुमी मधी पाटी-पुस्तक काढलं." एकदा मी उत्साहानं म्हणालो, "आबा, म्हणजे हा दोर म्हणजे आपलं आयुष्यच की! एकानं धरायचं, दुसऱ्यानं..." त्यांनी मला पुरं बोलूच दिलं नाही. "दोर म्हंजी दोर. बैल बांधायचा असतुया. ते आयुष्य-बियुष्य शाळंत सांगा."

आमच्यासारखे सहासात जण तयार झाले तेव्हा आबांनी पाण्यासारख्या पाळ्या लावल्या. नव्या माणसाला दिवस कलताना एकटं सोडायचं नाही. आज याची पाळी, उद्या त्याची. पाळी चुकवली तर मात्र आबा खवळत. "दार उघडं टाकून झोपलास व्हय रं?" असं म्हणत. त्यांच्या तोंडून ते वाक्य ऐकणं शिवीपेक्षा वाईट होतं.

आणखी एका गोष्टीला त्यांची सक्त मनाई होती. आपल्याकडे दारू सोडायची म्हणजे देवळात जाऊन बेलभंडारा उचलायचा, चार लोकांसमोर शपथ घ्यायची. आबा त्याच्या विरुद्ध होते. देवाच्या विरुद्ध नव्हते, दर सोमवारी ते उलट्या पावलांनी देवळातून बाहेर येत. पण शपथेचं नाव काढलं की म्हणत, "पडल्यावर मानसाला उठून कुठंतरी येता आलं पायजे. शपथ मोडली की त्यो द्येवाकडं येत न्हाय, घराकडं न्हाय, अन् आपल्याकडंबी न्हाय."

हे मी पन्नास वेळा ऐकलं होतं. तरी मी ती चूक केली.

त्याआधी माझी एक गोष्ट सांगतो. आठ महिने मी थेंब घेतला नव्हता. बायको परत आली होती. साहेबांनी शेऱ्याच्या वहीत दोन चांगली वाक्यं लिहिली होती. गावात लोक मला सुधारल्याचा नमुना म्हणून दाखवत. आणि एका दुपारी भिगवणला एका जुन्या सोबत्याची गाठ पडली आणि मी प्यालो. एकदाच. घरी आलो नाही, डाळजला ओळखीच्यांकडे पडून राहिलो आणि दुसऱ्या दिवशी ताप आला म्हणून सांगितलं. कुणाला कळलं नाही. त्यानंतर मी परत प्यालो नाही, पण ते खोटं माझ्या पोटात तसंच राहिलं. मी आबांसमोरही नमुनाच राहिलो. मला त्या कौतुकाची चटक लागली होती, हे आज लिहायला लाज वाटते.

कन्हेरीला धोंडीबा नावाचा गुळव्या होता. गुऱ्हाळात उसाचा रस आटवायच्या काहिलीजवळ उभं राहून पाक कधी उतरवायचा हे सांगणारा माणूस म्हणजे गुळव्या. क्षणभर आधी उतरवला तर गूळ बसत नाही, क्षणभर उशीर झाला तर करपतो. धोंडीबा पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळायचा आणि म्हणायचा, "उतरवा." त्याचा शब्द कधी चुकला नव्हता. पण दारूनं त्या बोटांचा अंदाज गेला. मागच्या हंगामात त्यानं दोन काहिली करपवल्या, आणि बागायतदार बोलू लागले की यंदा धोंडीबाला काहिलीजवळ उभं करायचं नाही. त्याला दुसरं काही येत नव्हतं. जे येत होतं ते तालुक्यात दुसऱ्या कुणाला तेवढं येत नव्हतं.

धोंडीबा दोन महिने फिरकी धरत होता आणि त्याच्या बोटांची थरथर थांबायला लागली होती. तेवढ्यात आबांना डाळजला जावं लागलं. तिथं कुणी एक जण घरातून बाहेर पडत नव्हता आणि त्याच्याजवळ बसायला माणूस नव्हता. जाताना आबा मला म्हणाले, "पाळ्या तुमच्याकडं. कायबी नवं करू नगा."

मी नवं केलं. गुऱ्हाळं सुरू व्हायला पंधरा दिवस होते. बागायतदार मला म्हणाले, "मास्तर, त्यानं चार लोकांत शब्द दिला तर आमी काहील देतो." धोंडीबाची बायको माझ्या पाया पडली. "दादा, येवढं करा, त्येचं हात रिकामं बसलं तर त्यो वाचायचा न्हाय." मला वाटलं, आबा म्हातारे झाले, त्यांना गावाची रीत कळत नाही. आणि खरं सांगायचं तर, धोंडीबाला सुधारणारा मास्तर म्हणून देवळात उभं राहायला मला आवडणार होतं.

रविवारी सकाळी देवळात गाव जमलं. धोंडीबानं बेलभंडारा उचलला. त्याचे हात त्या वेळी थरथरत होते, ते मी पाहिलं आणि भक्तीनं थरथरतायत असं समजलो. मी छोटंसं भाषणही केलं. लोकांनी भंडारा उधळला.

अठराव्या दिवशी, भरल्या गुऱ्हाळात, धोंडीबा प्यालेला सापडला. काहील करपली नव्हती. त्या दिवशीचा गूळ उत्तम झाला होता. पण कुणीतरी वास घेतला आणि कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "बेलभंडारा उचलला हुता रं यानं!" धोंडीबानं हातातला झारा खाली ठेवला आणि चालू पडला. तिसऱ्या दिवशी कळलं की तो इंदापूरकडे वरकुट्याला बहिणीच्या घरी आहे. गोठ्यात बसून आहे, अन्न घेत नाही. दोनदा विहिरीच्या काठावरून त्याला परत आणलं होतं.

त्याच दिवशी आबा डाळजहून आले. मी सगळं सांगितलं. मला वाटलं ते कडाडतील. ते कोटाच्या बटणावरून अंगठा फिरवत बसले. मग म्हणाले, "जावा आता वरकुट्याला."

"मी?" मी म्हणालो. "आबा, माझ्यामुळंच तर झालं हे. तुम्ही चला. तुमचं तो ऐकेल."

"माझ्या पाया पडंल त्यो. पाया पडनारा मानूस बोलत न्हाय. तुमीच जावा."

"मी जाऊन काय सांगू त्याला?"

"ते तुमास्नी ठावं." आणि त्यांनी वाखाची गुंडी आणि फिरकी माझ्या पिशवीत कोंबली.

सर्व्हिस मोटारीनं इंदापूरच्या वाटेवर उतरलो आणि दोन कोस चाललो. वाटेभर मी भाषण जुळवत होतो. देव क्षमाशील आहे वगैरे. गोठ्यात पोचलो तेव्हा धोंडीबा भिंतीकडं तोंड करून बसला होता. दाढी वाढलेली. त्याची बहीण दारात उभी होती. ती म्हणाली, "मास्तर, काल दुपारपासनं पानीबी घेतलं न्हाय."

मी शेजारी बसलो. भाषण तोंडातून निघेना. शेवटी फिरकी काढून त्याच्यासमोर ठेवली आणि म्हणालो, "धोंडीबा, जरा धरता का?"

त्यानं मान वळवली नाही. "मी द्येव खोटा केला, मास्तर. मला काय धराया लावू नगा."

मी फिरकी उचलून त्याच्या हातात दिली आणि वाख कमरेला गुंडाळला. मला मागं चालायची सवय नव्हती. गोठ्याबाहेर अंगणात मी दोनदा अडखळलो. एकदा तर शेणाच्या पाटीत बसलोच. धोंडीबानं ते पाहिलं असावं, कारण फिरकी थांबायच्या बेतात होती ती फिरू लागली. वीसेक पावलं गेल्यावर मी थांबलो. आता आमच्यात अंतर होतं. मी म्हणालो, "धोंडीबा, मी भिगवणला प्यालो होतो. आठ महिन्यांनी. तुम्हाला शपथ घालायला उभा राहिलो, तेव्हा मी पिऊन चारच महिने झाले होते. कुणाला सांगितलं नाही मी. बायकोलाही नाही, आबांनाही नाही."

फिरकी फिरत होती.

"आबास्नीबी न्हाय?" धोंडीबा मोठ्यानं म्हणाला.

"नाही."

"अन् मला बेलभंडारा उचलाया लावलात?"

"हो. चूक झाली माझी. तुम्ही शपथ मोडलीत ती लोकांसमोर. मी खोटं बोललो ते रोज."

मला रडू येत होतं, आणि हातात वाख असल्यानं डोळे पुसता येत नव्हते. मग तो म्हणाला, "मास्तर, वाख लई जाड सोडताय. असा दोर बैल तोडतंय. इकडं या, दावतो."

त्यानं दावलं. गुळाच्या पाकाची गोळी वळणारी ती बोटं, वाखाची चिमूट बरोब्बर मापाची काढत होती. बहिणीनं भाकरी आणली, तेव्हा त्यानं दोर हातात ठेवूनच अर्धी खाल्ली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मोटारीनं परत आलो. गुऱ्हाळात त्याला लगेच कुणी घेतलं नाही. त्या हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात मात्र एका बागायतदाराची काहील अडली आणि त्यानंच माणूस पाठवून धोंडीबाला बोलावलं. शपथ कुणी मागितली नाही. मी बायकोला भिगवणचं सांगितलं, त्याची कथा वेगळी आहे. ती चार दिवस बोलली नाही आणि पाचव्या दिवशी म्हणाली, "मला तो ताप खरा वाटला नव्हताच."

पण मला आठवतो तो वरकुट्याहून परतल्यानंतरचा गुरुवार. मी कडुलिंबाखाली गेलो. आबा वाख विंचरत होते. मी उभ्या उभ्याच म्हणालो, "आबा, मला तुम्हाला एक सांगायचंय. आषाढात मी भिगवणला..."

"ठावं हाय."

"धोंडीबानं सांगितलं?"

"न्हाय. तुमीच सांगितलंत. परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी, फिरकी फिरवत बसला हुता तवा. मी लिंबाच्या पल्याड हुतो. चाळीस पावलं." त्यांनी वाखाची गुंडी कमरेला खोवली. "त्या दिवशी वारं माझ्याकडं हुतं."

इतके दिवस हा माणूस माझं खोटं मनात ठेवून मला पाळ्यांवर पाठवत होता, गुळाचा खडा हातावर ठेवत होता. मला एकदम राग आला. "मग तेव्हाच का नाही बोललात? पाळीवरून काढून का नाही टाकलंत मला?"

आबांनी माझ्याकडं पाहिलं. मग त्यांनी वाखाचं टोक फिरकीला अडकवलं आणि फिरकी माझ्या हातात दिली.

"तवा काढून टाकलं असतं तुमास्नी," ते मागं सरकत म्हणाले, "तर वरकुट्याला पाठवाया माझ्याकडं कोन हुतं?"